ब्रूनोचा वर्ग आजोबांच्या खुर्चीपाशी भरवा

वाचकाचं पत्र

आम्ही पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमचा लॅब्राडोर ब्रूनो १४ महिन्यांचा आहे, वजन ३२ किलो. घरात अगदी लाघवी, पण लीश लावली की अंगात वारं शिरतं. गेल्या महिन्यात सासरे त्याला सकाळी घेऊन गेले असताना तो गेटबाहेर मांजरामागे सुटला. सासरे पडले, उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. तेव्हापासून माझा नवरा त्याला रात्री स्कूटरच्या बाजूने पळवतो, दमला की गप्प पडेल म्हणून. पण तासाभरात हा पुन्हा ताजातवाना. चपला, टीव्हीचा रिमोट, सोफ्याच्या उशा, सगळं तोंडात. ट्रेनर आठवड्यातून तीनदा येतात. त्यांच्याबरोबर तो पायाला चिकटून चालतो, ते गेले की ये रे माझ्या मागल्या. आता ते म्हणतात, दीड महिना माझ्याकडे ठेवा, सुधारून देतो. नातेवाईक म्हणतात, गावाकडे शेतावर सोडा. सासरे म्हणतात, "माझ्यामुळे त्याला घालवू नका." ते अजूनही सहाला उठतात, चहा घेतात आणि खुंटीवरच्या लीशकडे बघत बसतात. आम्ही काय करावं?

उत्तर

ताई,

खुंटीवरच्या त्या लीशबद्दल वाचल्यापासून ती मनातून जात नाही. दोन गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. ब्रूनोला कुठेही पाठवू नका, दीड महिन्यासाठीही नाही आणि कायमचंही नाही. आणि स्कूटर आजपासून बंद करा. बाकी सगळं सावकाश झालं तरी चालेल, स्कूटरचं मात्र उद्यावर ढकलू नका. का, ते पुढे सांगते.

आधी ओढण्याचं बघू. ब्रूनो ऐकत नाही असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, तो फार मन लावून शिकलाय. तो लहान असताना पहिल्यांदा बाहेर नेलंत तेव्हा त्याने कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाकडे जोर लावला असेल, हातात लीश होती ते दोन पावलं त्याच्यामागे गेले असतील, आणि खांब मिळाला. सात-आठ किलोचं पिल्लू, कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. दिवसाला दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीत कितीतरी खांब, गाड्यांची चाकं, कुंपणाचे कोपरे. वर्षभरात हजारो वेळा त्याला एकच धडा मिळाला की दोरी ताणली की हवं तिथे पोहोचता येतं. तो धडा त्याला चोख पाठ आहे.

ट्रेनरबरोबर तो ओढत नाही, कारण तिथे ओढून काही हाती लागत नाही हे त्याला कळलंय. कुत्रं माणसागणिक वेगळं शिकतं. एका बाईंच्या तासाला चिडीचूप बसणारा वर्ग पुढच्या तासाला दंगा करतो, तसंच हे. म्हणून दीड महिन्याने तो ट्रेनरबरोबर आणखी सुरेख चालेल, आणि तुमच्या गेटबाहेर, तुमच्या हातात, त्याच मांजरापुढे पुन्हा जिथल्या तिथे येईल. शिकायचंय ते त्याला आणि तुम्हा घरच्यांना, मिळून, त्याच रस्त्यावर.

"सुधारून देतो" या शब्दांनी मला थोडी भीतीही वाटली. माझ्या पहिल्या कुत्र्याच्या वेळी मीही असाच शब्द ऐकला होता. लॅब्राडोरच होती ती, पिवळी. शिकवायला आलेल्या माणसाने चोक चेन, म्हणजे ताणली की गळा आवळणारी साखळी, आणली, ओढली की झटका द्यायचा, आठ दिवसांत सरळ होईल म्हणाला. झालीही. कान मागे टाकून, शेपूट पायांत घालून माझ्या बाजूने चालायची आणि मी लोकांना कौतुकाने दाखवायचे. मग एका संध्याकाळी वरच्या फळीवरचा डबा काढायला मी हात उंचावला आणि ती ओट्याखाली जाऊन बसली, अंग चोरून. त्या दिवशी मी ती साखळी टाकून दिली. पण उंचावलेल्या हाताची तिची धास्ती जायला पुढे वर्ष लागलं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. अमेरिकेतल्या पशुवर्तन क्षेत्रातल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली आहे की कुत्र्याला कुठलीही गोष्ट शिकवायची असो, बक्षिसाची पद्धतच वापरावी, आणि मारहाण, झटके, विजेचे पट्टे यांना त्यात जागा नाही. भीतीने गप्प झालेलं कुत्रं एखाद्या दिवशी गुरगुरण्याची पायरी गाळून थेट चावू शकतं. तेव्हा ट्रेनर हवेच असतील तर त्यांनी ब्रूनोला शिकवू नये, तुम्हाला शिकवावं. लीश तुमच्या हातात, ते बाजूला उभे. याला तयार नसतील तर दुसरे बघा.

आता सासऱ्यांकडे येते, कारण माझ्या मते या घरातले खरे शिक्षक तेच आहेत. त्यांच्याकडे वेळ आहे, सकाळ आहे आणि ब्रूनोवर जीव आहे. प्लास्टर उजव्या हाताला आहे, डावा मोकळा आहे, एवढं पुरे.

सहाचा चहा झाला की त्यांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर एका वाटीत ब्रूनोच्या सकाळच्या खाण्यातलाच मूठभर भाग काढून ठेवा. त्यांनी चार दाणे मुठीत घ्यायचे आणि नुसतं बसायचं. ब्रूनो मूठ हुंगेल, चाटेल, पंजा मारेल, कदाचित एकदा भुंकेलही. काही बोलायचं नाही, हात मागे घ्यायचा नाही, मूठ उघडायची नाही. मिनिटाभरात तो वैतागून मान मागे घेईल आणि आता काय, म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघेल. त्याच क्षणी "छान!" म्हणायचं आणि एक दाणा द्यायचा. "छान" आधी, दाणा नंतर, आणि शब्द नजर वळल्या वळल्या निघायला हवा. दोन सेकंद उशीर झाला तर त्याने मधेच जे केलं, समजा खाली नाक घातलं, त्याचंच बक्षीस त्याला मिळतं. असं दहा-बारा वेळा झालं की तो मुठीकडे बघणं सोडून चेहऱ्याकडे बघायला लागतो. पाच मिनिटांत थांबा. संध्याकाळी पुन्हा पाच मिनिटं. रस्त्यावर मांजर दिसल्यावर त्याने मान वळवून तुमच्याकडे बघावं, असं आपल्याला हवंय ना? ती मान इथे, खुर्चीपाशी वळायला शिकते.

नजर पक्की झाली की बसणं, थांबणं, आणि "ये". यात आपल्या मराठी घरांतली एक अडचण सांगते. आपण कुत्र्याला "बस" शिकवतो आणि तेच कुत्रं अंगावर उडी मारायला लागलं की "ए, बस बस बस!" असं ओरडतो. ताटात वाढताना बस, फोनवर बस, पोरांना बस. ब्रूनोच्या कानावर दिवसातून पन्नास वेळा तो शब्द पडतो, आणि दर वेळी वेगळ्या अर्थाने. त्याने काय समजायचं? म्हणून "सिट" म्हणा, खुशाल म्हणा, त्यात कमीपणा नाही. किंवा "बैठ" म्हणा. घरात दुसऱ्या कशासाठी वापरला जात नाही असा एक शब्द ठरवा, कागदावर लिहून फ्रिजला लावा आणि सगळ्यांनी तोच वापरा. "ये"चंही तसंच. "ये" म्हणून बोलावून अंघोळीला नेलं, औषध घातलं, साखळीला बांधलं, की तो शब्द नासतो. तशा वेळी न बोलता जाऊन त्याला घेऊन या. "ये" ऐकून आला की दर वेळी काहीतरी चांगलंच मिळालं पाहिजे.

घरात हे आठवडाभर चाललं की लीश खुंटीवरून काढा. रस्त्यावर नाही, आधी दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये, मग पार्किंगमध्ये. साधी कापडी, सहा फुटी लीश हवी. बटण दाबून लांब होणारी नको. ती सतत ताणलेलीच असते, आणि ताणलेली दोरी म्हणजेच चालायचं असं तो शिकतो. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस घ्या. त्याने जोर लावला की तो आपोआप तुमच्याकडे वळतो आणि गळ्यावर ताण येत नाही. खिशात उकडलेल्या चिकनचे चवळीच्या दाण्याएवढे तुकडे ठेवा, घरात चालत नसेल तर पनीरचे.

नियम एकच. दोरी सैल तर आपण चालतो, दोरी ताणली की आपण थांबतो. झटका द्यायचा नाही, ओरडायचं नाही, मागे खेचायचं नाही, खांबासारखं उभं राहायचं. तो जोर लावेल, लावू दे. कधीतरी मागे वळून बघेल किंवा अर्धं पाऊल मागे येईल, दोरीला झोळ पडेल. "छान", आणि लगेच पुढे. तुकडा द्यायचा तो आपल्या मांडीला टेकवलेल्या हातातून, म्हणजे बक्षिसाची जागा तुमच्या पायाशी आहे हे त्याला कळेल. पहिले काही दिवस गेटपर्यंत जायलाच पंधरा मिनिटं लागतील. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो आधीपेक्षा जास्त ओढेल, तेव्हा सगळं फसलं असं वाटेल. लिफ्ट आली नाही की आपण बटण आणखी जोरात, पुन्हा पुन्हा दाबतो, तसं ते असतं. इतके दिवस चालणारा उपाय एकदम का चालेना, हे तो तपासून बघतो. याच वेळी कुणी एकाने घाई आहे म्हणून "आज जाऊ दे" केलं, तर जास्त ओढलं की जमतं हे तो शिकेल, आणि ते सोडवणं फार कठीण जाईल. खरंच घाई असेल त्या दिवशी शिकवणीचा हार्नेस न घालता दुसरा घाला, पार्किंगच्या कडेला शी-शू उरकून घ्या आणि वर या.

मांजरासाठी अंतर हेच औषध. ब्रूनो सुटण्याआधी दोन-तीन सेकंद खुणा देतो. कान पुढे होतात, तोंड मिटतं, हलणारी शेपूट एकदम ताठ होते. त्याच वेळी त्याचं नाव घ्या, नजर वळली की तुकडा द्या आणि उलट दिशेने चालू लागा. नजर वळतच नसेल तर तुम्ही फार जवळ आहात, रस्ता ओलांडा. रस्त्यावरची कुत्री दिसली तरी हेच करा.

आता स्कूटर. तुमच्या नवऱ्याचा हेतू चांगला आहे, हे मी जाणते. दिवसभराचं काम करून रात्री कुत्र्यासाठी बाहेर पडणं सोपं नाही. पण मोठ्या जातींची हाडं वाढायची थांबायला दीड वर्ष लागू शकतं. त्या वयात डांबरावर, न थांबता, ठरावीक वेगाने पळवलं की सांध्यांवर भार येतो, आणि लॅब्राडोरांत खुब्याचे आणि कोपराचे आजार मुळातच जास्त दिसतात. स्कूटरच्या बाजूने धावणाऱ्या कुत्र्याला थांबावंसं वाटलं तर थांबता येत नाही. तो लंगडतोय का, धापा टाकतोय का, हे चालवणाऱ्याला दिसत नाही. शिवाय रोज पळणाऱ्याचा दमसास वाढतो. आज दोन किलोमीटरला दमतो, महिन्याने चार लागतील. तासाभरात पुन्हा ताजातवाना असं तुम्हीच लिहिलंय ना?

त्याचं डोकं मात्र दिवसभर रिकामं आहे. लॅब्राडोरांचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांबरोबर थंड पाण्यात जाळी आणि निसटलेले मासे ओढून आणायचे. पुढे इंग्लंडमध्ये शिकारीतले पक्षी न चावता, अलगद तोंडात धरून आणण्यासाठी ही जात घडवली गेली. १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने तिला मान्यता दिली. वस्तू तोंडात धरून माणसाकडे आणणं हेच ज्याचं पिढीजात काम, त्याला आपण चपला उचलतो म्हणून रागावतो. त्याला उचलायला द्या. सकाळचं वर्तमानपत्र दारातून खुर्चीपर्यंत आणू दे. भाजीच्या कापडी पिशवीत कोथिंबिरीची जुडी घालून लिफ्टपासून घरापर्यंत धरू दे. माझ्याकडचा आत्ताचा कुत्रा रोज संध्याकाळी माझा रिकामा चष्म्याचा डबा घेऊन येतो. आणल्यावर हिसकावून घेऊ नका. तुकडा पुढे करा, तो तोंड उघडेल तेव्हा "सोड" म्हणा, वस्तू घ्या, आणि जमेल तेव्हा परत द्या. हिसकावलं की वस्तू घेऊन सोफ्याखाली पळण्याचा खेळ सुरू होतो, तो तुमच्याकडे झाला असेलच.

फिरण्याच्या दोन फेऱ्या ठेवा, अर्ध्या-पाऊण तासाच्या. एक शिकवणीची. दुसरी त्याची, पूर्ण त्याची. पंधरा-वीस फुटांची लांब दोरी हार्नेसच्या पाठीवरच्या कडीत अडकवा आणि वेताळ टेकडीच्या पायथ्याशी किंवा एखाद्या मोकळ्या मैदानात त्याला हुंगू द्या. एका झुडपापाशी पाच मिनिटं लागली तर लागू देत. काल रात्री इथून कोण गेलं, आजारी होतं का, माजावर होतं का, हे सगळं तो नाकाने वाचत असतो. अशा अर्ध्या तासानंतर कुत्रं घरी येऊन जसं झोपतं, तसं पळवून आणल्यावर झोपत नाही. टेकडीवर दोरी सोडू मात्र नका. तिथे मोर आहेत, भटकी कुत्री आहेत, आणि ब्रूनोचं "ये" अजून कच्चं आहे. घरातही संध्याकाळी त्याचे दाणे जुन्या चादरीच्या घड्यांत लपवा आणि शोधू द्या. खाणं आणि पळापळ यांत तासाभराचं अंतर हवं. मोठ्या छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेततो.

वजनाकडेही बघा. ही जात नेहमी भुकेलेली का असते, याचं एक कारण केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये सापडलं. त्यांनी तपासलेल्या लॅब्राडोरांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात एका जनुकाचा तुकडा गळालेला होता आणि अशी कुत्री खाण्याच्या मागे जास्त लागत होती. शिकवण्यात ही भूक तुमच्या कामाची आहे, पण तुकडे रोजच्या खाण्यातून वजा करा. फासळ्यांवरून हात फिरवला की त्या हाताला लागायला हव्यात. चहाबरोबरचं बिस्किट थांबवा, हे सासऱ्यांना जरा जड जाईल. आणि मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा यांतलं काही कुणीही देऊ नये, ते त्याला विषारी आहे.

उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळून रस्ता निवल्यावरच बाहेर काढा. पालथा हात डांबरावर सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सहन झालं नाही तर त्याच्या पंजांनाही होणार नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून निवतो. लाळ घट्ट व्हायला लागली, हिरड्या लालभडक दिसल्या, पाय अडखळले, तर अंगावर साधं पाणी ओता, पंख्याखाली घ्या आणि तडक डॉक्टरांकडे न्या. पावसाळ्यात डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोची (अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) लस वेळेवर द्या, आणि आल्यावर बोटांच्या मधे, कानांत गोचीड बघा.

शेताबद्दल कुणी पुन्हा विषय काढला तर त्यांना विचारा, तिथे त्याच्याबरोबर कोण बसणार? फ्लॅटमध्ये माणसांत वाढलेला लॅब्राडोर गोठ्याशेजारी साखळीला बांधला जातो, गोचीड-तापाने आजारी पडला तरी चार दिवस कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तो फाटकाकडे बघत राहतो. नातेवाइकांना शेत म्हटलं की मोकळी हवा दिसते, मी मात्र अशी कुत्री पाहिली आहेत. पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. पण मला ते कायद्यासाठी सांगायचं नाही. तुमचे सासरे पडले त्या सकाळी ब्रूनो मांजर सोडून परत आला होता का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मला वाटतं आला असेल. विचारा त्यांना.

प्लास्टर निघालं, हाडांच्या डॉक्टरांनी हो म्हटलं आणि पार्किंगमध्ये ब्रूनो तुमच्या हातात सलग दहा दिवस सैल दोरीने चालला, की लीश सासऱ्यांच्या हातात द्या. पहिले काही आठवडे हार्नेसला दोन दोऱ्या लावा. एक त्यांच्या हातात, दुसरी तुमच्या किंवा तुमच्या नवऱ्याच्या, झोळ ठेवून. खरा जोर आला तर तो तुमच्याकडे येईल. त्यांच्या पायात चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. आणि लीशचं टोक मनगटाला गुंडाळायचं नाही, अंगठ्यात अडकवून तळहातावर घडी करून धरायचं, म्हणजे वेळ आली तर सोडता येईल. हे त्यांना नुसतं सांगू नका, खुर्चीत बसल्या बसल्या रोज सकाळी चहानंतर तसं धरायची सवय करून घ्या, ब्रूनो समोर बसलेला असतानाच.